लाम्ब्रोसला गावी नेताना

पेटीला सीटबेल्ट लावायचा की नाही, यावरून गाडी सुरू व्हायच्या आधीच दोघींची जुंपली.

"माणूस आहे का तो आता, पट्टा लावायला?" फ्रोसो म्हणाली. तिचा एक हात स्टिअरिंगवर होता आणि दुसऱ्या हातात तीळ लावलेलं पावाचं खुसखुशीत कडं.

"माणूस नाही तर काय आहे?" स्मारोने पट्टा ओढून पेटीवरून घेतला आणि खटकन लावला. "आणि वळणावर तू कशी चालवतेस ते ठाऊक आहे मला."

पेटीत लाम्ब्रोस होता, म्हणजे त्याची हाडं. स्मारोचा नवरा आणि फ्रोसोचा थोरला भाऊ. अथेन्समध्ये मेलेल्या माणसालाही जमीन कायमची मिळत नाही. काही वर्षांनी उकरून काढतात, घरच्या बायका हाडं लाल वाइनने धुतात, उन्हात वाळवतात आणि पेटीत भरतात. लाम्ब्रोसला पहिल्यांदा उकरलं तेव्हा तो तयारच नव्हता. मातीचं काम व्हायचं राहिलं होतं, त्यामुळे पुन्हा झाकावं लागलं. बिचारीला हे सगळं दुसऱ्यांदा बघावं लागणार म्हणून लोकांनी स्मारोचं सांत्वन केलं. तिने मान खाली घालून ते घेतलंही. खरं सांगायचं तर ती मनातून सुखावली होती. शनिवारी कबरीवरच्या दिव्यासाठी तेलाची बाटली आणि वात घेऊन जायला आणखी काही दिवस कुणीतरी राहिलं होतं.

काल मात्र तो तयार निघाला. हाडं मेणासारखी पिवळी होती. "चांगला माणूस होता, हाडांवरून कळतं," खणणारा म्हणाला. "मेल्या म्हशीला मणभर दूध," असं फ्रोसो पुटपुटली, आणि वाइनचं भांडं हातात घेऊन सगळ्यात जास्त रडली तीच.

आता लाम्ब्रोस डोंगरात, व्रिसाकीला, आपल्या गावी निघाला होता. इस्पितळात त्याने स्मारोचा हात धरून तेवढंच मागितलं होतं, मला आईजवळ नेऊन ठेव. ती हो म्हणाली. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? नंतर शनिवारमागून शनिवार कबरीशेजारी बसून तिला कळत गेलं की आपण काय कबूल करून बसलो. तो गावी गेला की तिने कुठे जायचं? आणि ती मेल्यावर तिला कुठे ठेवणार?

कारण स्मारोला गावच नव्हतं. ती अथेन्सला लागून असलेल्या निकेयाची, निर्वासितांच्या वस्तीतली. तिचे आजी-आजोबा स्मिर्ना जळताना अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीतून आलेले निर्वासित. आपल्याकडे दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य ठरलेलं, गाव कुठलं तुमचं? ईस्टर आला की अख्खं अथेन्स गावी पळतं, आणि निकेयाची माणसं रिकाम्या रस्त्यांना राखण बसल्यासारखी मागे उरतात. लग्नानंतर सासूने विचारलं होतं, "पोरी, तुझी माणसं कुठे पुरलीत?" स्मारो म्हणाली, "समुद्रापलीकडे." सासूने तोंड फिरवून चूल फुंकायला घेतली. आपण या बाईच्या खिजगणतीत नाही, हे स्मारोने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं ते केलंच.

म्हणून तिने सुताराकडून अक्रोडाच्या लाकडाची पेटी करून घेतली होती, नेहमीच्या पेटीच्या दुप्पट. एक बाजू त्याची आणि एक तिची. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"एवढी मोठी कशाला गं?" फ्रोसोने हायवेला लागता लागता विचारलं. "माझा भाऊ होता, घोडा नव्हता."

"दुकानात हीच होती."

"दुकानात म्हणे." फ्रोसोने रस्त्याकडेच्या देवळीपुढे स्टिअरिंग सोडून छातीवर क्रूस केला, आणि व्हॅन पांढऱ्या पट्ट्यावरून जाऊन परत आली.

व्हॅन लाम्ब्रोसची. तो अंथरुणाला लागला तेव्हापासून फ्रोसोने ती गावी नेऊन ठेवली होती. लोकरीची कांबळी आणि गालिचे भरून तो दर पानगळीत निघायचा, डोंगरातली गावं करत हिंडायचा आणि थंडी पडली की परतायचा. "यंदा तुला नेतोच," असं दरवर्षी म्हणायचा. पण स्मारोचं पडदे शिवायचं दुकान होतं. मग पोरगा झाला, मग तिची आई अंथरुणाला खिळली, मग पोरगा जर्मनीला गेला आणि त्याची पोरं सांभाळायला ती गेली. तो परत आला की स्वयंपाकघरात बसून सगळा रस्ता सांगायचा. बोटीतून जाताना वारा कसा लागतो, अमुक ठिकाणी ईल मासा कसा भाजतात, तमुक घाटात मेंढरं किती वेळ वाट अडवतात. ती सुई खाली ठेवून ऐकायची आणि रात्री अंथरुणात डोळे मिटून त्या रस्त्याने जायची. आज ती खरोखर त्या सीटवर बसली होती, आणि सांगणारा पेटीत होता. तिला इतकं भरून आलं की तिने खिडकीची काच खाली केली.

खाडीपाशी फ्रोसो पुलाकडे वळायला लागली.

"पुलावरून नको. बोटीने जायचं."

"वेडी की काय? पूल दोन मिनिटांचा आहे."

"तो बोटीने जायचा."

"तेव्हा पूल नव्हता, वहिनी. म्हणून जायचा."

पण वळवली तिने. बोटीवर स्मारो खाली उतरली नाही. एक हात पेटीवर ठेवून बसून राहिली. वारा लागला, तो सांगायचा तसाच लागला, तेवढाच खारट. फ्रोसो कठड्यापाशी सिगारेट ओढत उभी होती आणि मधूनच मागे वळून वहिनीकडे बघत होती.

मेसोलोंगीच्या खारट तळ्याकाठी थिमिओसचं खाणावळीवजा दुकान होतं. व्हॅनचा आवाज ऐकूनच तो हात पुसत बाहेर आला. "लाम्ब्रो, मेल्या, कुठे होतास इतकी..." म्हणत दार उघडायला गेला आणि आत दोन बायका बघून थबकला.

"लाम्ब्रोस कुठाय?"

"गाडीतच आहे," फ्रोसो म्हणाली.

"मग उतर म्हणावं."

"आता नाही उतरत तो."

थिमिओसची नजर पेटीवर गेली. त्याने टोपी काढली, क्रूस केला आणि थोडा वेळ चपलेने माती उकरत राहिला. मग स्मारोकडे वळला. "आणि तुम्ही?"

"त्याची बायको."

"म्हणजे खरंच होती?" तो बोलून गेला आणि ओशाळला. "रागावू नका बाई. दरवर्षी म्हणायचा, पुढच्या खेपेला बायकोला आणतो, तिला तुझा ईल खायचाय. आम्ही आपसात म्हणायचो, बायको-बियको काही नाही, थापा मारतोय."

स्मारोला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. फ्रोसोने कागदी रुमालांचा अख्खा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. थिमिओसने निखाऱ्यावर ईल टाकला. चरबी ठिबकून जाळ होत होता.

"कुठे बसायचा तो?" स्मारोने विचारलं.

"बसायचा कुठला? उभ्या उभ्याच खायचा. सारखी घाई. घरी पोचायचंय, म्हणायचा."

स्मारोचा घास हातातच राहिला. "घरी म्हणजे कुठे?"

थिमिओसने खांदे उडवले. "ते काही बोलला नाही. घरी म्हणायचा, एवढंच."

तेवढ्या एका शब्दाचं उत्तर मिळालं असतं तर स्मारोने उरलेलं आयुष्य त्यावर काढलं असतं. ज्याला विचारायचं तो हातभर अंतरावर पेटीत होता आणि गप्प होता.

खाऊन झालं तरी ती उठेना. आधी कॉफी मागवली, ती संपली तशी म्हणाली, जरा तळ्यावर जाऊन येऊ. आल्यावर म्हणाली, थिमिओसकडून माशाची अंडी घ्यायची राहिली. फ्रोसो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

"वहिनी, तू वेळ काढतेयस."

"काढतेय."

"पाद्रीबाबा वाट बघत बसलेत. गावाला सांगून ठेवलंय. बायकांनी काल रात्री गहू भिजत घातलाय त्याच्या प्रसादाला. का गं असं करतेस?"

मग स्मारोने सांगून टाकलं. पेटी दुकानातली नाही, मुद्दाम करून घेतली आहे. एका बाजूला तो, दुसरी बाजू रिकामी. "मला बाकी काही नको, फ्रोसो. एकदा कुणीतरी मला त्या रिकाम्या बाजूला ठेवावं, बस. जन्मभर तो रस्त्यावर आणि मी घरात. मेल्यावर तरी एका जागी असू दे आम्हाला."

फ्रोसोने तळ्याकडे तोंड फिरवलं.

"आमच्याकडे तशा पेट्या नसतात," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या अथेन्ससारखी माणशी एक पेटी, वर फोटो, खाली कुलूप, असलं काही नाही. घराला एक पेटी. घरातले सगळे एकातच. लाम्ब्रोसला आईच्या पेटीत ओतायचं. हे तुझं कपाट अस्थिघराच्या दारातूनही आत जायचं नाही."

"एकातच? सगळी हाडं एकत्र?"

"एकत्र. मग कुणाचं कुठलं ते देवाला ठाऊक."

"आणि मी?"

फ्रोसोने खुर्ची मागे ढकलली. "मला काय विचारतेस? चल, उन्हं उतरतील."

घ्या, म्हणजे सगळं संपलंच. आर्ता शहर येईपर्यंत स्मारो पेटीवरचा पट्टाच चाचपत होती. एकदा का तो त्या ढिगात मिसळला की परत मागता येणार नाही. आज तिच्या शेजारी आहे, पट्ट्यात बांधलेला का होईना, तिचा आहे. तासाभरात तो सासूचा होईल. संत्र्यांच्या बागा मागे पडल्या, घाट लागला, नदी खाली खाली जाऊ लागली. शेवटी एका वळणावर ती म्हणाली, "गाडी वळव."

फ्रोसोने व्हॅन कडेला घेतली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. ती ओरडेल असं स्मारोला वाटलं होतं, पण ती ओरडली नाही.

"वळवते," फ्रोसो म्हणाली. "तुझा नवरा आहे. अथेन्सला ने, उशाशी ठेव, मला काय? पण हे त्याला तू सांग. आत्ता, माझ्यासमोर. सांग की शब्द दिला होता तो परत घेते."

स्मारोने पेटीवर हात ठेवला. लाकूड उन्हाने ऊबदार झालं होतं. तिने तोंड उघडलं. इस्पितळातला त्याचा हात आठवला, वाळलेला, आणि तरी किती घट्ट धरलेला. पलीकडच्या उतारावरून मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या. तिने तोंड मिटलं.

"चल," ती म्हणाली. "वर चल."

व्रिसाकीचं अस्थिघर म्हणजे देवळामागे पाठ वाकवून उभी असलेली एक दगडी खोली. पापा-कोस्मास, गावचा पाद्री, चावी हातात घेऊन पायरीवर बसला होता. इतका म्हातारा की उठताना त्याने दोघींचे खांदे धरले. अंगणात बायका उकडलेल्या गव्हाची परात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी स्मारोला मिठ्या मारल्या, गालांचे मुके घेतले आणि बाहेरच थांबल्या. आतली जागा फक्त घरच्या माणसांची. स्मारोला वाटलं, मग मीही बाहेरच थांबू की काय. पण पेटीची एक बाजू तिच्या हातात होती, म्हणून ती शिरली.

फ्रोसो खोटं बोलली नव्हती. पेटी दारात अडकली. तिथेच खाली ठेवून उघडावी लागली आणि पांढऱ्या कापडाचं गाठोडं स्मारोने छातीशी धरून आत नेलं. भिंतीला लागून जुन्या पेट्यांची रांग होती आणि प्रत्येकीवर एकेका घराचं नाव. कोपऱ्यातल्या एका पेटीपाशी पापा-कोस्मासने मेणबत्ती लावली आणि झाकण उचललं.

"हा तुझा आजेसासरा," तो एखाद्या लग्नात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसा म्हणाला. "ही त्याची बायको. हा सासरा, आणि ही वरची तुझी सासू. तिला मीच ठेवलं. लाम्ब्रोसला तिच्या उजवीकडे ठेव, पोरी. डाव्या बाजूला आपल्यासाठी जागा राहू दे."

"आपल्यासाठी म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यासाठी. देव तुला उदंड आयुष्य देवो, मी आपलं सांगून ठेवतो."

स्मारोला वाटलं म्हातारा घोळ घालतोय. "मी इथली नाही, फादर. मी निकेयाची."

"सून घराची असते," पापा-कोस्मास चिडून म्हणाला. "लग्न लावलं की झाली घराची. कुठून आली ते कोण विचारतं? लेकी जातात नवऱ्याच्या पेटीत. ही फ्रोसो जाईल तिकडे, दाराजवळ, तिच्या नवऱ्याच्या, मित्सोच्या घराण्यात." आणि धुपाटण्यात निखारे घालायला तो बाहेर गेला.

खोलीत दोघीच उरल्या. फ्रोसो पाठ करून उभी होती. दाराजवळची मित्सोची पेटी ओलीने काळी पडली होती आणि तिच्याकडे तर फ्रोसो चुकूनही बघत नव्हती.

"तुला ठाऊक होतं," स्मारो म्हणाली.

"गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला नसेल?"

"मी तळ्यावर विचारलं तुला. 'आणि मी' म्हणून विचारलं. अख्ख्या रस्त्यात मला तिळतिळ मारलंस तू. दुष्ट आहेस."

"आहे." फ्रोसो वळली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता. "आईची कूस मी बदलली. तिला घास मी भरवला. रात्री हाक मारायची ती मला मारायची. तू रात्रीच्या बसने लग्नाला आलीस आणि तिच्या मर्तिकाला आलीस. आणि आईच्या कुशीत जाणार तू. मी कुठे, तर त्या मित्सोजवळ. जिवंतपणी त्याच्या लाथा खाल्ल्या, आणि मेल्यावर हाडात हाड घालून त्याच्याच शेजारी पडायचं जगबुडीपर्यंत. तू रडत होतीस ना जागा नाही म्हणून? तुझी जागा तर तू बोहल्यावरून उतरलीस तेव्हापासून राखलेली आहे. मला सांगवेना ते. जीभच उचलेना. एक दिवस तरी तुलाही कळू दे म्हटलं, बाहेर राहणं कसं असतं."

स्मारोला राग आला होता, चांगला सणसणीत आला होता. पण तो धरून ठेवायला तिच्याकडे हात रिकामे नव्हते, कारण हातात लाम्ब्रोस होता. तिने खाली बसून गाठोडं सोडलं आणि एकेक हाड उचलून सासूच्या उजवीकडे ठेवलं. कवटी ठेवण्याआधी कपाळाला ओठ लावले. फ्रोसो शेजारी गुडघ्यावर बसली आणि तिनेही लावले. दोघींनी मिळून त्याला नीट केलं. थोड्या वेळाने कुठलं त्याचं आणि कुठलं त्याच्या आईचं, ते खरंच सांगता येईना. याच गोष्टीला ती सकाळपासून भीत होती. आता बघताना तिला वाटलं, म्हाताऱ्या बाईने पोराला कुशीत घेतलंय, बरं झालं.

"फ्रोसो," ती हळूच म्हणाली, "तू गेलीस की तुझी हाडं कोण धुणार?"

"कोण धुणार? लेक ऑस्ट्रेलियात. धुतील गावातल्या बायका, ज्या तेव्हा असतील त्या."

"मी धुवेन."

"तू अथेन्समधून येणार होय?"

"अथेन्समध्ये आता काय आहे माझं? शनिवारीसुद्धा कुठे जायचं उरलं नाही." स्मारोने हाताची धूळ रुमालाला पुसली. "इथेच राहीन म्हणते. तू ठेवून घेतलंस तर."

फ्रोसोने नाक जोरात ओढलं.

"जी धुते तीच पेटीत ठेवते ना?" स्मारोने विचारलं.

"तीच ठेवते."

"आणि फादर बाहेर निखारे फुंकत असतात."

"असतात."

"मग झालं तर. मी पडले शहरातली. मला कुठल्या पेट्या कळतायत, कुठली आईची आणि कुठली मित्सोची. चुकेन एखादे वेळी."

फ्रोसो तिच्याकडे बघतच राहिली. आधी तिला कळलं नाही. मग कळलं तेव्हा तिने तोंडावर डोक्याच्या रुमालाचं टोक दाबलं, हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच माहीत.

"तू माझ्याहून मोठी आहेस," ती तशीच, दबक्या आवाजात म्हणाली. "तूच आधी गेलीस तर?"

"तुला आईजवळ पोचवल्याशिवाय मी मरत नाही," स्मारो म्हणाली. "सरक जरा तिकडे. डावीकडे दोघी मावतो का बघू दे."